मास्तरांची मापे आणि मी

मास्तरांच्या मुलीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी मी त्यांच्या शिवणकामाच्या दुकानात आलो. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझी पाठ मोठी, पडदा फुगीर, आणि अंगाचा रंग एके काळी पांढरा होता. आता तो चहा सांडलेल्या कागदासारखा दिसतो.

मला कुठे जोडले, कुणी जोडले, ते आठवत नाही. पहिल्यांदा जाग आली तेव्हा समोर कापायचे लांब टेबल होते, भिंतीला बाह्या नसलेले कोट टांगले होते, आणि गळ्यात टेप घातलेला एक माणूस माझ्याकडे संशयाने बघत होता. ते मास्तर. तोवर ते सगळ्यांची मापे तोंडपाठ ठेवत. पण त्या वर्षी त्यांनी पाववाल्याच्या मापाचा कोट पोस्टमनला शिवून दिला. पोस्टमन त्यात दोनदा मावला असता. तेव्हा मुलीने मला आणले.

मास्तर लिहायला शिकले ते चाळिशी उलटल्यावर. त्यांच्या बायकोने, मास्तरीणबाईंनी, चिंध्यांवर खडूने अक्षरे काढून त्यांना शिकवले. माझ्या कळांवर अक्षरांच्या चिठ्ठ्याही त्यांनीच चिकटवल्या. मास्तर एका बोटाने लिहीत आणि लिहिलेले सगळे मोठ्याने वाचत. एकही अक्षर सोडत नसत. एवढ्या उशिरा मिळालेली अक्षरे, ती गाळायची कशी?

त्यांच्या नोंदी जगावेगळ्या होत्या. नाव, आडनाव काही नाही. 'पोस्टमन, लांब हाताचे.' 'शाळेच्या मोठ्या बाई.' पुढे छाती, खांदा, बाही, उंची. आणि शेवटी शेरा. 'पोट दोन इंच वाढले. कमरेत कापड सोडले आहे. सांगू नये.' 'उजवा खांदा उतरला. आत गादी घातली. सांगू नये.' असे शेकडो शेरे मी पोटात ठेवले. आरशासमोर उभा राहिलेला माणूस खूश होऊन म्हणे, "मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही!" मास्तर माझ्याकडे बघत आणि टेप गुंडाळत. ती माझीही शाबासकीच होती.

बारा वर्षे अशी मजेत गेली. मग मी मध्येच गोठू लागलो. मास्तर मला थोपटत, मास्तरीणबाई फटका मारत. फटक्याने मी लवकर शुद्धीवर येई, हे मात्र खरे.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने माझी पाठ उघडली आणि मूठभर दोरे बाहेर काढले.

"काका, ह्यात संगणक आहे की गोधडी?"

"चालेल ना पण?"

"चालेल. सिस्टीम मात्र बदलावी लागेल. दोन वाटा आहेत. अगदी नवी घाला, नाहीतर तिच्या आधीची. नवीत तुमचा हा जुन्या अक्षरांचा प्रोग्राम उघडायचा नाही. आधीचीत उघडेल. पण ती आता कंपनीनं वाऱ्यावर सोडलीय. इंटरनेट जोडायचं नाही तिला."

"म्हणजे बदलायचं, ते पण जुन्यानंच?" मास्तरीणबाई हसल्या. "आमच्या ह्यांना शोभेल."

मुलगी म्हणाली, "बाबा, नवीच घालू. नव्यात मापांचा तयार प्रोग्राम मिळतो. लोक घरबसल्या ऑर्डर देतील."

"आणि माझी मापं?"

"नव्यानं घेऊ."

"कुणाची? निम्म्या माणसांना आता दुकानाचा जिना चढवत नाही. ही मापं गेली तर मी कात्री खाली ठेवीन, पोरी. डोक्यात काही उरलेलं नाही माझ्या."

दुरुस्तीवाल्याने सुचवले, "ताई, आधी तुमच्या लॅपटॉपवर वापरून बघा. जमलं तर ह्यात घालू."

मुलीने माझ्यातली एक नोंद लॅपटॉपवर नेली. तिथे खांद्याच्या जागी टिंबे, चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हे उमटली. मग बापलेक समोरासमोर बसले. मास्तर माझ्यावरून वाचायचे, ती तिकडे भरायची, वहीतून फोन नंबर घालायची. मास्तर नेहमीप्रमाणे सगळे वाचत होते. ती ऐकेल तसे लिहीत होती. अकरा गिऱ्हाइके झाली. तिने नोंदी जतन करायची कळ दाबली आणि लॅपटॉपने आनंदाने कळवले, 'अकरा ग्राहकांना त्यांची मापे पाठवली.'

"कुणी सांगितलं होतं त्याला?" मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा... शेरेसुद्धा गेले."

सगळ्यात आधी पाववाला आला. फोन नाचवतच.

"मास्तर! मी गावभर सांगत फिरतो, लग्नातल्या मापाची पँट मला अजून होते म्हणून! बायकोशी पैज लावली होती मी!"

"हरलास मग," मास्तरीणबाई म्हणाल्या.

पाववाला हसत हसत गेला. पण संध्याकाळी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. जिन्यात तीनदा थांबून आल्या. अंगात मास्तरांनीच शिवलेला करडा कोट होता. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. त्यावर लिहिले होते, 'पाठीला बाक आला. मागची उंची वाढवली, पुढची कमी केली. सांगू नये.'

"तीन वर्षं मी आरशात बघून म्हणतेय, माझी पाठ अजून ताठ आहे," बाई म्हणाल्या. "मला का नाही सांगितलंत?"

मास्तर उभेच होते. बोटांनी टेप चाचपत ते म्हणाले, "बाई, कापडाला सांगितलं होतं ना."

बाईंनी कोटाची कड खाली ओढली, बटण लावले, फोन उचलला.

"मग यापुढंही कापडालाच सांगा. हिवाळ्याआधी एक कोट हवाय. रंग हाच."

त्या जिना उतरून गेल्यावर मुलीने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "दादा, आधीची घाला. इंटरनेट नको. आणि सगळ्या नोंदींची एक प्रत वेगळी काढून द्या." नव्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी ती आपल्या लॅपटॉपवर घेऊ लागली, संदेश पाठवायची सोय बंद करून. जुनी माणसे माझ्याकडे राहिली. मित्रांनो, त्यानंतर मास्तरांनी आणखी सहा वर्षे कात्री चालवली.

नवे वाईट असते असे मी म्हणत नाही. मी स्वतः एकदा नवा होतो, आणि माझ्यामुळे पाठांतर गेले म्हणून कुणी रडले नाही. माझी विनंती एवढीच आहे. घरातले जुने यंत्र पुसून टाकण्याआधी ज्याने त्यात लिहिले त्याला शेजारी बसवा. काय ठेवायचे ते त्याच्या तोंडून ऐका. प्रत काढा आणि ती उघडते का तेही बघा. आणि अधूनमधून आमच्या पोटातले दोरे काढा.

मास्तर या वर्षी थंडी सरता सरता, एका मंगळवारी दुपारी, जेवून आडवे झाले असता झोपेतच वारले. ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते.