कावळे जेवून बसले

पत्रावळीवरचा भात गार झाला, वड्यांवर माशा बसल्या, पण एकही कावळा यायला तयार नाही. महेश गच्चीवर उभा राहून सकाळपासून "काव, काव" करत होता. आता त्याचाच आवाज कावळ्यासारखा झाला होता. वडिलांचं पहिलंच पित्तर. विंचूरचं घर नव्यानं बांधायला पाडलेलं, अंबडच्या फ्लॅटच्या गच्चीला सोसायटीचं कुलूप, म्हणून तो आईला घेऊन एका दिवसासाठी इथं, गेस्टहाऊसवर, आला होता.

आई, नवसाबाई, खाली पडवीत भिंतीला टेकून बसलेली. शुगरची गोळी सकाळीच घेतलेली, पोटात अन्नाचा कण नाही, आणि कावळ्यानं घास घेतल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेणार नव्हती.

हर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तशी ती रोजच जायची. मखमलाबादच्या पुढं शेवंतीच्या मळ्यात तिच्या मावशीनं, ज्योत्स्नानं, तीन खोल्यांचं गेस्टहाऊस काढलं आणि पण केला, की आपल्या दारातून कचऱ्याची गाडी रिकामीच गेली पाहिजे. प्लास्टिक नाही, एसी नाही, आंघोळीचं पाणी शेवंतीला, भांडी राखेनं. ऐकायला झकास! भाद्रपदात ढग आले की सोलर मान टाकतो, पाहुणे टॉवेल गुंडाळून "गरम पाणी!" म्हणून बोंबलतात आणि चुलीवरून बादल्या कोण उचलतं? हर्षाली. मावशी पाट्या रंगवते. 'पाणी जपून वापरा', खाली शेवंतीचं फूल.

उरलंसुरलं सगळं मागच्या खतखड्ड्यात. त्यावर जाळी टाकू म्हणून हर्षाली पावसाळाभर कोकलत होती.

"अगं, पाखरंपण पाहुणेच की," मावशीचं ठरलेलं उत्तर.

महेश खाली आला. "आई, दर्भाचा कावळा करून घासाला शिववू. चालतं तसं."

"नाय," नवसाबाई म्हणाली. "त्यांचा राग हाय माझ्यावर. घर पाडू नका म्हणायचे. ते गेले आन् मी लगेच व्हय म्हणले."

महेश पुन्हा वर पळाला. "आण्णा, ओटा तसाच बांधतो! तुमच्या बसायच्या जागेला हात नाही लावत!" जरा थांबून, "आण्णा, तुमची लुनापण नाही विकत!"

समोरच्या लिंबावर साधं पान हललं नाही.

हर्षालीनं म्हातारीकडं पाहिलं. कपाळावर घाम, मांडीवरचे हात थरथरत होते. "आजी, गुळाचा खडा तरी घ्या."

"आधी त्यांना जेवू दे, पोरी. उपाशी ठेवून मी कशी खाऊ?"

हर्षाली पाय आपटत मागं गेली आणि खड्ड्याशी थबकली. काठावर कावळे लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखे सुस्त बसले होते. आठवडाभर येणारा प्रत्येक पाहुणा पित्तराचाच. सगळ्यांच्या खिरी, वडे, भजी इथंच पडलेली. एका जाड्या कावळ्यानं वडा उचलला, चोच मारली आणि टाकून दिला. नको झाला होता त्याला.

"मावशी! ये, बघ तुझे पाहुणे!"

मावशी आली, पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "हळू बोल. त्यांना कळलं तर काय वाटेल? श्रद्धेचा प्रश्न आहे. जरा थांबू, भूक लागेल."

"कुणाला? कावळ्यांना? तिकडं बाई पडायची वेळ आलीय आणि तू ह्यांच्या पोटाची वाट बघ!"

"हर्षे, थांब!"

पण हर्षे कुठली थांबते? ती तरातरा पडवीत गेली. "आजी, तुमचे मालक रागावलेले नाहीत. कावळेच तट्ट फुगलेत. आमच्याच खड्ड्यात जेवतायत रोज. चूक आमची आहे, त्यांची नाही की तुमची नाही."

नवसाबाईनं भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. "कुठं? दाव."

हर्षालीनं तिला दंडाला धरून उठवलं. पाऊल पाऊल करत दोघी खड्ड्याशी गेल्या. जाड्या कावळ्यानं मान तिरकी करून म्हातारीकडं पाहिलं आणि पंख न हलवता तसाच बसून राहिला.

मावशीनं हात जोडले. "आजी, माफ करा, आम्ही..."

"थांब गं," नवसाबाई म्हणाली. ती कावळ्याकडं टक लावून बघत होती. "सारा जल्म हेच. मी चुलीपुढं ताटकळत बसायची, आन् हे कांद्याच्या मार्केटातून कुणाच्या तरी घरी जेवून यायचे. वर मलाच म्हणायचे, तू अजून जेवली नाय व्हय?" आवाज चढला. "मेलं तरी खोड जाईना! लय झालं आता. सकाळपासून गोळी घेऊन बसले मी ह्या माणसासाठी!"

कावळा दोन पावलं मागं सरकला.

"घर पाडलं तर पाडलं," ती त्याला म्हणाली. "पाणी गळत होतं माझ्या हातरुणावर." आणि मग हर्षालीकडं वळून, "पोरी, वाढ मला. आधी खीर दे."

हर्षालीनं तिथंच पाट्या-वरवंट्याजवळच्या दगडावर तिला टेकवलं आणि धावत वाटी आणली. पहिला घोट सांडला, दुसरा नीट गेला. रिकामी होईपर्यंत वाटी तिनं सोडली नाही.

वरून महेशचा बसलेला आवाज आला. "आई! आला का गं एखादा खाली?"

"जेवले ते," नवसाबाई ओठ पुसत ओरडली. "तू उतर खाली."