बारा ठोक्यांत मावणार नाही मी

मी बोलतोय. नाही, जेवण वाढलेलं नाही. ताटं खाली ठेवा आणि बसा.

मी तुड्डुकाट. पुरुषभर लांबीचा पोकळ ओंडका, पोटावर एक लांब चीर, दोन दोरांवर आडवा टांगलेला. मला चामडं नाही, घुंगरं नाहीत. लाकडी सोट्यानं ठोकलं की मी बोलतो, आणि बोलतो म्हणजे खरंच बोलतो. बेटावरच्या भाषेचे चढउतार माझ्या अंगात आहेत. कोण गेलं, कुणी रानडुक्कर मारलं, कुणाची होडी उलटली, हे मी दोन टेकड्यांपलीकडे पोचवतो.

माझं झाड तोडताना दोन भाऊ बापाबरोबर आले होते. बापानं बुंध्याला हात लावला, कोंबडीचं पिल्लू पुढे धरलं आणि झाडाला सांगितलं, "तुला तोडतोय, पण गप्प बसवायला नाही." तो शब्द मी आजपर्यंत धरून आहे. माझ्याबरोबर आणखी दोन तुड्डुकाट घडले. ते लहान, मी मोठा. तिघांचे तीन आवाज मिळून आमचं एक बोलणं होई.

मग एके वर्षी समुद्रापलीकडून बूटवाली माणसं आली. जुनं सगळं जाळा म्हणाली. माझी दोन्ही धाकटी भावंडं अंगणात जळली. मला थोरल्या भावानं आदल्या दिवशीच मागच्या गोठ्यात ओढत नेलं, चीर वर करून चिखलात बसवलं आणि माझ्या पोटात सागोच्या झाडाच्या गाभ्याचा लगदा ओतला.

"हे काय आहे?" बूटवाल्यानं विचारलं.

"डुकरांची डोणी, साहेब. खायचंय का?"

एक डुकरीण त्याच्या अंगावर गुरगुरली आणि साहेब मागे सरला. पुढे नऊ वर्षं डुकरं माझ्यात जेवली. लाज वाटली नाही मला. ज्याच्यामुळे वाचलो, त्याचं ऋण मात्र मी मनात ठेवलं.

त्या थोरल्या भावाला आता तेउ रोसा म्हणतात, म्हणजे रोसाचा आजा. त्याची मुलगी बाय रोसा, रोसाची आई. धाकटा भाऊ आमान लुकास, लुकासचा बाप. मूलबाळ झालं की इथं माणसाचं स्वतःचं नाव कुणी घेत नाही. दिवस पालटल्यावर आमान लुकासनं मला धुतलं, टांगलं, आणि जळालेल्या दोघांचे आवाज माझ्याच अंगावर शोधून काढले. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा, चिरेच्या ओठावर तिसरा. एकटाच तिघांचं बोलू लागलो.

मग लाटेनं घोटाळा केला. आमच्या गावासमोरच्या टोकावर, प्रवाळावर, एक लाट फुटते. कधीपासून फुटते कोण जाणे, तिचं कौतुक कुणाला नव्हतं. पण गोऱ्या लोकांनी ती पाहिली आणि टोकावर खांबांवरच्या सहा झोपड्या उभ्या राहिल्या. रिसॉर्ट. नाकाला पांढरं मलम फासलेले पाहुणे लाटेवर स्वार व्हायच्या फळ्या घेऊन येतात, दहा दिवस राहतात आणि दहाही दिवस समुद्राकडे तोंड करून बसतात. मागे एवढं रान आहे, गाव आहे, पण मान काही वळत नाही. ज्यांना लाट मिळते ते भरपूर जेवतात. ज्यांना मिळत नाही ते त्याहून जास्त जेवतात.

लुकासला तिथं बोट चालवायचं काम हवं होतं. मॅनेजरबाई इबू रेत्नो, म्हणजे रेत्नोबाई, जावाहून आलेल्या, नीटनेटक्या, घाईच्या. त्यांना जेवणघराबाहेर टांगायला काहीतरी जुनं हवं होतं. लुकासनं मला दिलं. तेउ रोसा महिनाभर पुतण्याशी बोलला नाही. आमान लुकास माझ्यामागोमाग आला. म्हणाला, "ओंडका तुमचा, हात माझा. दुसऱ्या कुणी ठोकायचं नाही." मग पानं झाडायची आणि दुपारी मला ठोकायचं, अशी त्याची नोकरी ठरली.

डुकरं निदान जेवायला बोलवायला मला ठोकत नव्हती. पण आमान लुकास काही कच्चा नव्हता. जेवणाच्या निमित्तानं तो मला हवं ते बोलायला लावी. "भाजलेली माकडं पाण्याबाहेर आली." "आज मासा खारट." "लाल टोपीवाला पुन्हा फळीवरून पडला." खाडीपलीकडे जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बायका हसून हसून मासे सोडून देत. पाहुणे टाळ्या वाजवत.

तेउ रोसाच्या कानातून काही सुटत नसे. रोज लुकासबरोबर निरोप यायचा. "सांग तुझ्या बापाला, काल 'मासा' म्हणताना हात घसरला. बेडूक म्हटल्यासारखं वाटलं."

"म्हातारा बहिरा झालाय," आमान लुकास म्हणायचा. दुसऱ्या दिवशी मात्र मासा स्वच्छ म्हणायचा.

बायकांच्या हसण्यावरून इबू रेत्नोंना शंका आली. त्यांनी बोट उगारून सांगितलं, "आमान, बारा ठोके. एका सुरात. जेवण, बस. एक जास्त नको."

तेव्हापासून मी बारा ठोक्यांचा झालो. टक टक टक. अर्थ काही नाही. गोठ्यातल्या चिखलात मला लाज वाटली नव्हती, ती इथं वाटली.

मग तो दिवस आला. बारा ठोके नुकतेच पडले होते. रिसॉर्टचे मालक पहिल्यांदाच आले होते, पाहुण्यांबरोबर टेबलाशी बसले होते. लुकासनं बोट वाळूवर चढवली आणि धावत बापाकडे आला.

"बाबा, थोरला काका गेला. सकाळी उठलाच नाही."

आमान लुकासच्या हातातला खराटा खाली पडला. "बाय रोसाला कळवलं?"

"ती वर डुकरांच्या खोपटावर आहे. परवाच गेली."

खोपट नदीच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांपलीकडे. नदी सागोच्या ओंडक्यांनी भरलेली, इंजिनाची बोट तिथं चालत नाही. वर जायला वल्ही मारत अख्खा दिवस, खाली यायला अर्धा. पुरायचं उद्या सकाळी, ऊन वर यायच्या आत. आमच्याकडे त्याहून जास्त थांबत नाहीत. माणूस पाठवला तर बाय रोसा येईपर्यंत वर माती असेल. बापाचं तोंड तिला पुन्हा दिसणार नाही.

आमान लुकास माझ्यापाशी आला. माझ्या अंगावर तळहात ठेवला. मग त्यानं सोटा उचलला आणि ठोकलं.

चार वर्षं बारा ठोके गिळलेला मी असा सुटलो की जेवणघराच्या छपरावरचे पक्षी उडाले. आधी कुळाचं नाव. मग त्याचं नाव, रोसाचा आजा हे नव्हे, आईबापानं ठेवलेलं, कित्येक वर्षांत कुणी न उच्चारलेलं. ते माझ्यातून बाहेर पडताना मला डुकरांची ती डोणी आठवली.

खाडीतल्या बायका जागच्या जागी थांबल्या. पाहुणे मात्र खुशीत टाळ्या वाजवू लागले.

इबू रेत्नो धावत आल्या. "आमान! बारा झाले. मालक बसलेत तिथं. थांबा!"

"माझा भाऊ गेलाय, इबू."

"वाईट झालं. मी सुट्टी देते, गावात जा, पण इथं नको. हे लोक सुट्टीला आलेत." आणि त्यांनी त्याच्या हातातून सोटा काढून घेतला. बाई दुष्ट नव्हत्या. मालक बघत होते ना.

आमान लुकास रिकाम्या हातानं उभा राहिला. मी अर्ध्यात लटकलो. गेला कोण ते सांगून झालं होतं. कुणी यायचं, ते राहिलं होतं.

लुकास वळला आणि बोटीकडे चालू लागला. मला वाटलं, पोरगं नोकरीला भ्यालं. यानंच तर दिलं होतं मला. पण तो परत आला तो हातात वल्हं घेऊन. बोटीची किल्ली त्यानं टेबलावर, मालकांच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय, लुकास?" इबू म्हणाल्या.

"किल्ली, इबू." आणि वल्ह्याच्या दांड्यानं त्यानं मला ठोकलं.

काय वाईट ठोकलं हो! लहानपणी शिकायच्या वेळी पोहायला पळायचा, त्याची फळं. बापाला दुःखातही राहवेना.

"वर! अजून वर, माकडा! हे 'बाय' नाही, हे 'बेडूक' झालं. काका उठून बसेल."

"मग तुम्ही सांगा ना!"

"डावीकडे. दोनदा. आता ओठावर, हळू. हं. आता तिचं नाव."

असा बाप सांगत गेला आणि पोरगा रडत ठोकत गेला. बाय रोसा, ये. बाय रोसा, खाली ये. टाळ्या थांबल्या होत्या. एका पाहुण्यानं डोक्यावरची लाल टोपी काढली. इबूंनी सोटा उराशी धरला होता, पण लुकासला त्यांनी पुन्हा अडवलं नाही.

मग लुकास थांबला. सगळे रानाकडे बघू लागले, पाहुणेसुद्धा. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी समुद्राकडे पाठ केली.

बराच वेळ नुसती लाट वाजत राहिली. आणि मग दूर, दोन टेकड्यांपलीकडून, कुणीतरी मोठ्या झाडाच्या फळीसारख्या मुळावर लाकूड आपटलं. बारीक, तुटक, पण स्वच्छ. ऐकलं. निघाले.

बाय रोसा अंधार पडायच्या आत पोचली. बापाचं तोंड तिनं दोन्ही हातांत धरलं.

मालकांनी दुसऱ्याच दिवशी मला काढायला सांगितलं. काढायला बापलेकच आले, आणि इबूंनी सोटा परत दिला. आता मी गावात, तेउ रोसाच्या ओसरीवर टांगलेला आहे. एका टोकाला वाळवी लागली आहे, वल्ह्याच्या घावानं चिरेचा ओठ फुटला आहे. लुकास मासे मारतो आणि संध्याकाळी शिकायला बसतो. अजून 'मासा'च्या जागी बेडूकच म्हणतो.

रिसॉर्टवर आता पितळी घंटा आहे. दुपारी ती बारा वेळा वाजते. ती थांबली की आमान लुकास सोटा उचलतो, आणि मी तेराव्या ठोक्यापासून सुरू करतो.