ब्रुकिंग्जच्या अलीकडे आठ मैल

श्रीरंगला सकाळपासून काळजी लागली होती, आणि त्याला कारण चढ नव्हते. चढ केव्हाच संपले होते. ऑरेगनच्या किनाऱ्याने नऊ दिवस सायकली हाकत तो, प्रताप आणि वीणा हे तिघे मित्र आता ब्रुकिंग्जपासून, म्हणजे शेवटापासून, आठ मैलांवर आले होते. धुकं मात्र असं उतरलं होतं की डावीकडचा डोंगर दिसत नव्हता आणि उजवीकडचा समुद्र नुसता ऐकू येत होता.

काळजी होती ती प्रतापची. टेक्सासात शुगर लँडला पाइपलाइनी डिझाइन करणारा, पंचावन्न वर्षांचा, कॉलेजपासून तिघांत दांडगा असा हा गडी परवा चढावर अचानक खाली उतरला आणि छाती दाबून रेलिंगला टेकला. आपल्या लोकांत छातीत दुखण्याचं निदान एकच. श्रीरंग चँडलरला चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. केसाएवढी खोट दिसली तर अख्खी लाइन बंद करणारा माणूस! त्याने काय करावं? खिशातून ओव्याची डबी काढली.

"पित्त आहे रे. कालचे तळलेले मासे."

प्रतापने ओवा चावला, ढेकर दिला, आणि दोघेही निर्धास्त झाले.

काल पुन्हा तेच. या वेळी डावा हातही दुखत होता. "हँडल धरून अवघडलाय यार," प्रताप म्हणाला. मग त्याने श्रीरंगचं मनगट घट्ट धरलं. "नैनाला फोन करायचा नाही. बायको आहे, उगाच घाबरेल. वीणाला तर अजिबात सांगू नकोस, ती ट्रिपच कॅन्सल करेल. एक दिवस राहिलाय. मित्र आहेस ना?"

या प्रश्नाला श्रीरंगला कधी नाही म्हणताच आलं नव्हतं. हॉस्टेलवर एकमेकांच्या वडिलांना बिनदिक्कत थापा मारून ही मंडळी मोठी झाली होती, आणि त्यालाच मैत्री म्हणत होती. त्याने मान हलवली.

आता रस्त्याकडेच्या थांब्यावर वीणा बाटल्या भरत होती. ती बेलव्ह्यूची, तिघांत सगळ्यात चटपटीत. तिने प्रतापकडे पाहिलं.

"एवढ्या थंडीत घाम?"

"टेक्सासचा स्टॉक आहे, संपवतोय." प्रताप हसला, पण ओठ पांढरे पडले होते. "तुम्ही दोघं पुढे व्हा. मी एकटा धुक्यातून येताना व्हिडिओ घ्या, महाराष्ट्र मंडळात दाखवायचाय. दहा मिनिटांत निघतो."

वीणा निघालीसुद्धा. श्रीरंग रेंगाळला. "मी थांबतो."

"मग व्हिडिओत तूपण दिसशील. जा रे!"

श्रीरंग गेला. त्याला भीती वाटत होती. पण मित्राच्या नजरेतून उतरण्याची भीती त्याहून मोठी होती, हे त्याला त्या उतारावरसुद्धा कळत होतं.

ब्रुकिंग्जला समुद्राजवळच्या पार्किंगमध्ये प्रतापची बायको नैना औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. वाऱ्यात निरांजन टिकेना, म्हणून गाडीच्या आडोशाला उभं राहून तिने दोघांना ओवाळलं. वीणाने फोन रस्त्याकडे धरला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. धुक्यातून एक ट्रक आला, मग एक कॅम्पर. मग कुणीच नाही.

श्रीरंगने तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा नुसता वाजत राहिला.

"येईल रे," नैना म्हणाली. "एवढं कशाला टेन्शन घेतोस? मी नऊ दिवस निवांत होते, ते तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"जूनमध्ये त्याच्या हार्टमध्ये ब्लॉकेज निघालं. डॉक्टरांनी ट्रिपला साफ नाही म्हटलं होतं, मी पाठवतच नव्हते. तर म्हणाला, श्रीरंगला सगळं सांगून ठेवलंय, जरा कुठे दुखलं की तो तुला फोन करेल. रोज फोन जवळ घेऊन बसायचे. तुझा आला नाही, म्हटलं चला, काही दुखलेलं नाही."

वीणाचा फोन खाली आला. मला त्याने ब्लॉकेजचं सांगितलंच नव्हतं, असं श्रीरंग म्हणू शकला असता. ते खरंही होतं.

"वीणा, नाइन-वन-वन लाव, अँब्युलन्स बोलव," तो म्हणाला. "नैना, गाडी काढ. त्याला दुखत होतं. मला माहीत होतं."

नैनाच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"परवापासून," श्रीरंग म्हणाला.