फिरते ती बंद आहे

आमच्या रेडिओ दुर्बिणींकडे येणारा प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न एकच विचारतो. बंद आहेत का हो? शाळेची पोरं विचारतात, त्यांचे मास्तर विचारतात, नावापुढे डॉक्टर लावणारेही विचारतात, फक्त ते जरा आडवळणानं विचारतात. मी इथली ऑपरेशन्स सांभाळते. म्हणजे कुठल्या तबकडीनं कधी कुठे बघायचं, तिला वंगण कधी घालायचं, वारा वाढला की तोंड आभाळाकडे करून तिला जखडायची कधी, आणि कुठल्या शहाण्यानं आवारात मोबाइल चालू ठेवलाय ते हुडकून त्याची खरडपट्टी काढायची, हे सगळं माझ्या डोक्यावर. त्यामुळे तो प्रश्नही माझ्याच डोक्यावर. तबकडी चांगली चार मजली घराएवढी. ताऱ्याच्या मागं ती सरकत असते, पण ताऱ्याच्याच चालीनं. तारा सरकताना कुणाला दिसतो? मग ही कशी दिसणार? पण लोकांना काम म्हणजे धावपळ हवी. गप्प राहून काम करणारा त्यांना बंदच पडलेला वाटतो, आणि हे मी नुसतं तबकड्यांबद्दल बोलत नाहीये.

तबकड्या चार. त्यातल्या चार नंबरचा रिसीव्हर, म्हणजे जिच्यामुळे तिला ऐकू येतं ती पेटी, कधीची काढून वर्कशॉपच्या टेबलावर ठेवलेली. दुरुस्तीच्या कागदावर वरची सही होत नव्हती. बाकी मोटर, गिअर, ब्रेक सगळं ठणठणीत. धडधाकट आणि ठार बहिरी. संस्था चालली होती ती उरलेल्या तिघींवर.

आणि त्या दिवशी त्या तिघींवर हक्क होता सुईचा. सुई म्हणजे आमची संशोधक मुलगी. अंगानं तशी, जिभेनंही तशी, म्हणून मेकॅनिकनं हे नाव पाडलं आणि तिनंही ते चालवून घेतलं. तिचा एक तारा होता. मेलेला, पण घड्याळासारखे ठोके देत राहणारा. कित्येक वर्षांतून एकदा तो आपल्या जोडीदाराच्या आड जातो आणि पलीकडून बाहेर येतो. आड जाताना आणि येताना ते ठोके कसे बदलतात, यावर तिचा सगळा प्रबंध उभा. तिन्ही तबकड्यांनी सकाळपासून तारा मावळेपर्यंत एकत्र ऐकलं तरच ते खरं धरायचं. एकीचं तोंड जरी मध्ये वळवलं, तरी सगळं पाण्यात. पुढची वेळ येईपर्यंत हिचे केस पांढरे. तिनं मला एवढंच सांगितलं होतं, की संध्याकाळपर्यंत कुणी हात लावला तर मी त्याचा हात तोडीन. मी म्हटलं होतं, त्याची गरज पडणार नाही, मी आहे.

आता नेमक्या त्याच दिवशी अध्यक्ष यायचे होते. ज्या समितीच्या अनुदानावर आमचे दिवे जळतात तिचे हे अध्यक्ष. संचालकांनी मला बोलावून घेतलं. आमच्या संचालकांना सगळे मागून होयबा म्हणतात. वरच्यांनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं तर हे खिडकी बदलून घेतील. होयबांचं म्हणणं असं, की अध्यक्षांना स्थिर वस्तू आवडत नाहीत, मागं एका संग्रहालयात गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले, तेव्हा तबकड्या फिरल्या पाहिजेत. मी सांगितलं, फिरणार नाहीत. ते म्हणाले, अर्धा तास. मी म्हटलं, अर्धा मिनिटही नाही. मग त्यांनी माझा वर्षाचा गोपनीय अहवाल, माझं क्वार्टर, माझ्या नवऱ्याची शाळेतली नोकरी, सगळ्याची प्रेमानं चौकशी केली. मला असल्या चौकश्या कळतात. मी खोलीबाहेर आले आणि वर्कशॉपच्या पायरीवर बसले.

मेकॅनिक तिथंच हात पुसत उभा होता. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, फिरवायचीच आहे ना, मग बहिरीला फिरवू. तिला काय फरक पडतो?

मला ते आधी सुचलं नाही याचा मला अजून राग आहे.

अध्यक्ष जेवणाच्या वेळेनंतर आले. गाड्या लांब फाटकाबाहेर थांबवल्या, सगळ्यांचे मोबाइल, त्यांच्या लहरींत ताऱ्याचा आवाज बुडतो म्हणून, बंद करून पत्र्याच्या पेटीत ठेवायला लावले. अध्यक्षांनी आपला दिला तेव्हा चेहरा असा, जणू ऑपरेशनला नेताहेत. त्यांच्या पीएनं तीन दिले. नंतर दिवसभर त्याची बोटं हवेतच काही तरी दाबत होती.

चार नंबर मी मेकॅनिकला आधीच आडवी करून ठेवायला सांगितली होती. अध्यक्ष समोर येताच ती उठायला लागली. मोटर घुमली, चाकं रुळावर कुरकुरली, आणि अख्खी तबकडी मान वर करत गर्रकन वळली. खरं सांगते, मलाही बघायला बरं वाटलं. अध्यक्षांचं तोंड उघडं राहिलं. होयबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हे सगळं त्यांच्याच पोटातून जन्मलंय. मग अध्यक्ष म्हणाले, मला चालवून बघायची आहे. बसवलं त्यांना तिच्या पायथ्याच्या केबिनमध्ये, बटणांसमोर. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. साठी उलटलेला माणूस, पण जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरासारखा खिदळत होता. मधेच त्यांनी विचारलं की आता आपण कुठला तारा बघतोय. होयबांनी ठोकून दिलं, फार महत्त्वाचा आहे सर. तबकडीचं तोंड त्या वेळी वर्कशॉपच्या छपराकडे होतं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण खुशीत आलेल्या मोठ्या माणसाइतकं धोकादायक काही नसतं. अध्यक्ष उठले, बाहेर आले, कमरेवर हात ठेवून चारीकडे बघितलं आणि म्हणाले, आता चारी एकदम फिरवा. कवायतीसारख्या. फोटो चांगला येईल.

होयबा म्हणाले, का नाही सर, आत्ता.

सुई कंट्रोल रूमच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. नुसती दाराची कडी धरून उभी राहिली, आणि मला कळलं की आता आत शिरायला तिच्या अंगावरून जावं लागेल. होयबा हळू आवाजात मला म्हणत होते, मॅडम, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. तिच्या आयुष्याचा होता, त्याचं कुणाला काही नव्हतं. मी अध्यक्षांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"साहेब, फिरते ती बंद आहे. थांबल्यासारख्या दिसतात त्या चालू आहेत."

"म्हणजे मी मघापासून काय चालवत होतो?"

"लोखंड."

मेकॅनिकला खोकल्याची उबळ आली. होयबांनी डोळे मिटले. मी सगळं सांगून टाकलं. रिसीव्हर टेबलावर आहे, या तिघी सकाळपासून एका मुलीचा तारा ऐकताहेत, संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावू देणार नाही, आणि तुम्हाला फसवायची कल्पना माझी होती. मेकॅनिकचं नाव मी घेतलं नाही. तो तेवढा हुशार आहे, त्यानंही ते पुढं केलं नाही.

अध्यक्ष लाल झाले. पण माणूस नुसता तापणाऱ्यातला नव्हता. आयुष्यभर सगळ्यांनी खोटंच सांगितल्यामुळे कुणावरच विश्वास न ठेवणाऱ्यातला होता. ते म्हणाले, एकदा फसवलंत, आता ह्या तिघी चालू आहेत हे तरी कशावरून मानू? मी त्यांना एक नंबरच्या रुळाशी नेलं आणि चाकाच्या पुढं वीतभर अंतरावर खडूनं रेघ मारायला वाकले. ते म्हणाले, वीतभर तर वाऱ्यानंही सरकेल. खडू माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः दोन ढांगा टाकून पुढं रेघ मारली. चाक इथं आलं तर तुम्ही खऱ्या. नाही आलं तर चारी फिरतील आणि तुम्ही घरी. रेघेवर नजर ठेवायचं काम पीएवर सोपवावं असं होयबांनी सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, मी स्वतः बसणार, मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा. खुर्ची आणा.

ऑफिसातल्या खुर्च्या सगळ्या चाकांच्या, त्या खडीवर उभ्या राहीनात. जवळ चांगली खुर्ची होती एकच, आमच्या क्वार्टरमधली सासूबाईंची आरामखुर्ची. मेकॅनिकला पाठवलं. तो खुर्ची उचलून घेऊन आला, आणि त्याच्यामागून सासूबाई आल्या. आपली खुर्ची परक्यावर सोडायची नाही हा त्यांचा बाणा. मला म्हणाल्या, "अगं, बसू दे त्यांना, पण पाय वर घेऊ नका म्हणावं, कापड ताणतं." मग मेकॅनिकनं आणलेल्या स्टुलावर अध्यक्षांच्या शेजारीच टेकल्या आणि बोलायला लागल्या.

सासूबाईंचं बोलणं हा आमच्या घरातला एक चमत्कार आहे. आवाज वर जात नाही, खाली येत नाही. एका वाक्यातून दुसरं निघतं, मधे श्वास कधी घेतात ते मला अजून सापडलेलं नाही. सासरे हयात असताना त्यांना कधी झोपेची गोळी घ्यावी लागली नाही म्हणतात. माझा नवरा पेपर तपासायला बसला आणि आईनं सुरुवात केली की पेन हातातच राहतं. मी आजवर या चमत्काराला नुसत्या शिव्याच दिल्या होत्या. मनातल्या मनात, पण भरपूर.

त्या दिवशी विषय होता त्यांच्या थोरल्या जावेच्या बहिणीचा. म्हणजे सख्ख्या नव्हे, चुलत. तिचं लग्न ठरलं ते एका घड्याळजीशी, पण त्या घड्याळजीचा धाकटा भाऊ जास्त बरा होता असं हिच्या आत्याचं मत, आणि आत्याचं तोंड बंद ठेवायला मामांना बोलावलं तर मामांचंच आत्याशी बोलणं बंद, कारण त्यांच्या मधल्या मुलीच्या बाळंतपणात आत्यानं पाठवलेलं दुपटं निघालं आखूड. अध्यक्ष सुरुवातीला रुळाकडे बघत हं, हं म्हणत होते. मग विचारलं, मधली म्हणजे कोणती, जी घड्याळजीकडे दिली ती? सासूबाई म्हणाल्या, तुमचं लक्ष नाही, आणि दुपट्यापासून पुन्हा सुरू झाल्या. तबकडीची सावली अंगावर होती. खिशात मोबाइल थरथरत नव्हता. आत्याचा नवरा घर सोडून निघाला तेवढ्यात अध्यक्षांची मान छातीवर आली.

पीए धावला. मी म्हटलं, उठवा की. तो जागच्या जागी थांबला. हळूच म्हणाला, आधीच्या पीएनं एकदा उठवलं होतं, त्याला कुठे टाकलं ते अजून कुणाला माहीत नाही. मग तो होयबांकडे वळला. होयबांनी आयुष्यात पहिल्यांदा एका प्रश्नाला होय म्हटलं नाही. अध्यक्षांसोबत आलेला फोटोवाला खडीवर बसून सँडविच खायला लागला. अध्यक्ष झोपलेले असताना तबकड्या फिरवाव्यात, असा हुकूम कुणी द्यायचा? हुकूम देणारा तर घोरत होता.

सासूबाई मात्र थांबल्या नाहीत. ऐकणारा झोपला म्हणून गोष्ट थांबवायची त्यांची पद्धत नाही. तसं असतं तर आमच्या घरात एकही गोष्ट पुढं सरकली नसती. चाक रेघेवर आलं, रेघ ओलांडून पुढं गेलं. मी आत-बाहेर करत होते. आत सुई पडद्यावर नाक टेकवून बसलेली. ठोके मंद झाले, गेले, बराच वेळ काहीच नव्हतं. मेकॅनिक तिच्यासाठी चहा ठेवून गेला, त्यावर साय आली. मग पलीकडून तिचा तारा पुन्हा ठोकायला लागला, जरा वेगळ्या लयीत, आणि तिनं टेबलावर डोकं टेकलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, बोलू नका, अजून मावळायचाय.

तारा मावळला तेव्हा बाहेर उजेड उतरला होता. सुई पायऱ्या उतरून आली, अध्यक्षांच्या समोर उभी राहिली आणि पीएला म्हणाली, "झालं माझं. आता उठवा याला आणि काय हवं ते फिरवा."

पीए हलला नाही. पण याला असं म्हणणारी ही मुलगी कोण, हे बघायला सासूबाई बोलायच्या थांबल्या. त्यासरशी अध्यक्षांनी डोळे उघडले. आवाज बंद झाला की जाग येते, हे माझ्या नवऱ्याचंही असंच आहे. त्यांनी आधी आकाशाकडे बघितलं, मग रुळाकडे. रेघ चाकाच्या मागं कुठल्या कुठं राहिली होती.

"सरकली की," ते म्हणाले.

होयबा पुढं झाले. माफी मागू लागले. माझ्या वतीनं, स्वतःच्या वतीनं, फोटो निघाला नाही त्याबद्दल. अध्यक्षांनी त्यांना हातानंच गप्प केलं आणि पीएला सांगितलं, यांचे कागद काय असतील ते घ्या, उद्या सही करतो, आत्ता डोकं खाऊ नका. एवढी गाढ झोप किती वर्षांत लागली नव्हती, हे त्यांनी कुणालाच उद्देशून सांगितलं नाही. आमच्या अनुदानाचा निकाल असा लागला. तिन्ही तबकड्या दिवसभर इमानानं राबल्या, सुईनं ताऱ्याची वाट बघत तारुण्य घालवलं, मी नोकरी पणाला लावली, त्यातलं काहीही त्या माणसाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. सही होत असताना बोलायचं नसतं, एवढं इथं शिकले आहे.

गाड्या फाटकाशी आल्याचा निरोप आला. अध्यक्ष उठले, कपडे झटकले, दोन पावलं गेले आणि परत वळले.

"आजी, मग त्या आत्याचा नवरा परत आला का नाही?"

"आला की. पण तो कसा आला ते कळायला आधी घड्याळजीचं सगळं कळायला हवं," सासूबाई म्हणाल्या. "आणि तेव्हा तर तुम्ही झोपला होता."

अध्यक्षांनी फाटकाकडे बघितलं. पीएकडे बघितलं. मग खुर्चीत परत बसले आणि म्हणाले, घड्याळजीपासून सांगा.

सासूबाईंनी मला खुणेनंच सांगितलं, पाय वर घेऊ देऊ नकोस.