जपून ठेवलेले दोघे

मित्रांनो, माझ्या पोटात पाण्याचा थेंबही कधी नव्हता, तरी माझे नाव टाकीच पडले. मी एक जुनी टाकी आहे. उंचीने तुमच्या कमरेएवढी, अंगाने जाड, मान मात्र अरुंद. कारखान्यात एका भांड्यात दुसरे भांडे बसवून मला घडवले आणि दोहोंमधली हवा ओढून घेतली. त्या पोकळीमुळे बाहेरची ऊब आत येत नसे. आत द्रवरूप नायट्रोजन असे. तो इतका थंड, की त्यात बुडवलेले फूल टेबलावर आपटले तर काचेसारखे फुटेल.

ज्यांना मूल होत नव्हते अशी जोडपी आमच्या दवाखान्यात येत. डॉक्टरीणबाई आईचे बीज आणि वडिलांचे बीज काचेच्या बशीत एकत्र आणत. पाच दिवसांत तिथे शंभरेक पेशींचा एक ठिपका तयार होई. त्याला भ्रूण म्हणतात. या ओळीच्या शेवटी जो पूर्णविराम आहे, त्याहूनही तो लहान. एक ठिपका आईच्या पोटात ठेवत आणि उरलेले बारीक नळ्यांत घालून माझ्या हवाली करत. मग ते तसेच थांबत. त्यांचे वय वाढत नसे.

माझी देखभाल प्रयोगशाळेतल्या ताई करत. सोमवारी आणि गुरुवारी त्या एक लाकडी पट्टी माझ्या तोंडातून आत सोडत आणि बाहेर काढून हवेत हलवत. पट्टीवर जिथवर पांढरे हिम धरे, तिथवर माझे पोट भरलेले. कमी वाटले की त्या नायट्रोजन ओतत आणि हळूच म्हणत, "जेव पोटभर." जीव भांड्यात पडला असे लोक सुटकेने म्हणतात. माझ्याकडे बघून ताई ते हसत हसत म्हणत, पण त्यांच्या तोंडी ते अगदी शब्दशः खरे असे.

एके वर्षी एक जोडपे आले. बाई ग्रंथालयात काम करत. त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करी. त्यांचे चार ठिपके झाले; एक लगेच आईच्या पोटात ठेवला, तीन माझ्याकडे आले. तो पहिला टिकला नाही. सात महिन्यांनी दुसरा नेला, आणि त्याची मुलगी झाली. मात्र त्या बाळंतपणात बाईंचे हृदय अशक्त झाले. "आता पुन्हा नको, जिवावर बेतेल," असे डॉक्टरीणबाईंनी बजावले.

उरलेले दोघे माझ्यापाशी राहिले.

त्यांना काय म्हणावे, यावर कुणाचेच एकमत नव्हते. ताई 'नमुने' म्हणत. डॉक्टरीणबाई 'भ्रूण' म्हणत. लिफ्टवाले 'आपले दोघे' म्हणत. ग्रंथालयातल्या बाई हजारो पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवत आल्या होत्या, पण या दोघांसाठी त्यांना एक शब्द सापडत नव्हता. दरवर्षी दवाखान्यातून पत्र जाई : ठेवायचे की नाही? बाई टपालाने उत्तर पाठवत नसत. स्वतः येत, 'ठेवावे' असे लिहून सही करत, मग काचेपलीकडून माझ्याकडे थोडा वेळ बघत आणि निघून जात. त्यांची मुलगी चालू लागली, शाळेत जाऊ लागली, दात पडून नवे आले. माझ्यातले दोघे मात्र पाच दिवसांचेच होते.

पुढे दवाखान्यात माणसाएवढी उंच नवी टाकी आली. तिला आकडे दाखवणारा पडदा होता, नायट्रोजन कमी झाला की ती शिट्टी वाजवी. सगळे तिचे कौतुक करू लागले. मला कोपऱ्यात सरकवले. ताई आठ दिवस रजेवर गेल्या आणि नेमकी तेव्हाच माझ्या मानेशी केसाएवढी चीर पडली. पोकळीत हवा शिरली. माझ्या अंगावर बाहेरून हिम जमू लागले. ये-जा करणारे मला वळसा घालून जात. थांबून पाहिले कुणीच नाही. मला शिट्टी वाजवता येत नव्हती, मित्रांनो. माझ्या पोटातला नायट्रोजन उडून चालला होता आणि मी नुसती उभी होते.

सोमवारी सकाळी ताई आल्या. माझ्याकडे नजर जाताच त्यांनी खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. पट्टी घातली. नायट्रोजन चार बोटेच उरला होता. काही मिनिटांत त्यांनी एकूण एक नळी नव्या टाकीत हलवली. सगळ्या वाचल्या. मग त्यांनी एकेका घरी फोन लावले.

रिकामी झाल्यावर मला बाहेरच्या बाकाशेजारी, खिडकीखाली ठेवले. दोन दिवसांनी त्याच बाकावर ग्रंथालयातल्या बाई, त्यांचा नवरा आणि दहा वर्षांची मुलगी येऊन बसली. मुलगी पुस्तकात डोके घालून होती.

"ताईंनी 'टाकी बिघडली' म्हटलं," बाई हळू आवाजात सांगू लागल्या, "आणि पुढचं ऐकायच्या आधीच मला वाटलं, सुटले. आता काही ठरवायला नको. मग त्या म्हणाल्या, दोघं सुखरूप आहेत, आणि मला रडूच फुटलं. मी कसली आई?"

"दरवर्षी पुढे ढकलत आलो आपण," नवरा म्हणाला. "तू सही करायचीस आणि मी विचारायचो नाही. तेवढंच सोपं होतं."

डॉक्टरीणबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. भ्रूण दुसऱ्या जोडप्याला देता येतात, त्यांनी सांगितले. किंवा संशोधनाला देता येतात, लहान मुलांच्या रक्ताच्या आजारावर काम चालले आहे. किंवा बाहेर काढून, ऊब लागू देऊन त्यांना संपू देता येते.

"तुम्ही काय केलं असतं?" बाईंनी विचारले.

"ते मी सांगणार नाही. विचार करून यातलं काहीही निवडलंत तरी मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. पण बिघडलेल्या टाकीवर सोडू नका."

त्या गेल्यावर लिफ्टवाले म्हणाले, "कुणाला तरी देऊया. आपण इथे पहिल्यांदा आलो तेव्हा आपली काय गत होती, आठवतं ना?"

"आठवतं. पण उद्या रस्त्यात कुणी मूल दिसलं, हिच्यासारखी हनुवटी असलेलं, तर मी काय करू? दर पोराच्या तोंडाकडे बघत फिरू?"

तेवढ्यात मुलीने पुस्तक मिटले. ती उठून माझ्यापाशी आली आणि माझ्या झाकणावर हात ठेवला.

"मी पण यातच होते ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"किती दिवस?"

"सात महिने."

"आणि तुम्ही मला न्यायला आलाच नसतात तर?"

मुलगीच विचार करून म्हणाली, "मग मला दुसऱ्या कुणी नेलेलं चाललं असतं. फक्त मला खरं सांगायला हवं होतं."

त्या दिवशी सही झाली नाही. दोन आठवड्यांनी झाली. दोघे एका जोडप्याला द्यायचे, पण मूल जाणते झाले की त्याला सगळे खरे सांगायचे, आणि त्याला वाटले तर आपला पत्ताही द्यायचा, असे बाईंनी लिहून घेतले. याच बाकावर इतरांनी वेगळे ठरवलेलेही मी पाहिले. एका जोडप्याने संशोधनाला दिले. दुसरे एक जोडपे, ताई सांगत, नळी बाहेर काढली तेव्हा एकमेकांचे हात धरून शेवटपर्यंत शेजारी उभे राहिले. कोण बरोबर, ते मला कळत नाही. रडताना मात्र सगळे सारखेच दिसले.

दीड वर्षाने बाई एकट्याच आल्या. ताई त्यांच्याशेजारी बसल्या.

"नियमानं मला एवढंच सांगता येतं," ताई म्हणाल्या. "एक टिकला नाही. दुसऱ्याचं बाळ झालं, गेल्या आठवड्यात. सुखरूप आहे."

मुलगा की मुलगी, कुठल्या घरी, यातले बाईंनी काही विचारले नाही.

"वजन किती?" एवढेच त्यांनी विचारले.

ताईंनी दाराकडे पाहिले. "तीन किलोला थोडं कमी."

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मांडीवर दोन्ही तळवे उताणे ठेवले आणि तेवढे वजन त्यांवर विसावले असावे तशा त्या, न हलता, बसून राहिल्या.

मित्रांनो, आता मला लवकरच भंगारात नेतील. माझे एवढेच मागणे आहे. ज्यांना बोलता येत नाही असे काही तुम्ही कधी जपायला ठेवलेत, तर त्यांना वर्षानुवर्षे नुसत्या सहीवर ठेवून देऊ नका. ते कुणाची वाट पाहत आहेत, हे मधून मधून येऊन स्वतःला विचारत जा.