येन्सचे मंत्र

तोर्वाल्ड नीगार्ड दिवसभर सरोवरकाठच्या डुलुथच्या बंदरावर गव्हाची वजनं लिहायचा आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भुतं लिहायचा. पिवळट कागदावर छापल्या जाणाऱ्या भयकथांच्या मासिकांना तेव्हा अशी माणसं लागत. त्याच्या कथांत नेहमी एक शापित पोथी असायची, ‘बुडालेल्या दिव्यांची पोथी’. ती वाचणारा एक तर वेडा व्हायचा, नाही तर सरोवरातून काहीतरी वर येऊन त्याला घेऊन जायचं. तोर्वाल्ड गेला, त्याच्या पाठोपाठ ती मासिकंही बंद पडली, आणि त्याची मुलगी सिग्ने हिला वाटलं, चला, भुतांचा विषय मिटला.

तो मिटला नव्हता. सिग्ने टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या कुणा प्रकाशकाने काळ्या कव्हरचं एक पुस्तक बाजारात आणलं. नाव तेच, आणि खाली लिहिलेलं: ‘मूळ प्राचीन संहितेवरून प्रथमच भाषांतरित.’ प्रस्तावनेत म्हटलं होतं की नीगार्डला खरी पोथी पाहायला मिळाली होती आणि ती त्याने कथांच्या आड लपवून ठेवली. सिग्नेने खरमरीत पत्र पाठवलं, त्याला उत्तर आलं नाही. दारावर लोक मात्र येऊ लागले. झगा घातलेल्या एकाने तळघर बघायला मागितलं. तिने दाखवलं. खाली बटाटे होते. तो बराच वेळ बटाट्यांकडे टक लावून बघत राहिला आणि जाताना म्हणाला, “तुम्ही फार हुशारीने लपवलंय.”

त्यामुळे ऑक्टोबरमधल्या त्या दुपारी तपकिरी कोटातली एक बाई पर्स पोटाशी धरून दारात उभी राहिली, तेव्हा पर्समधून डोकावणारा काळा कोपरा सिग्नेला लगेच दिसला.

“मी तोंडावरच सांगते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको,” सिग्ने म्हणाली. “अशी पोथी कधीच नव्हती. माझ्या वडिलांनी ती याच घरात बसून रचली. पुस्तक खोटं आहे.”

बाईने मान हलवली. “असेल. पण मी नेब्रास्काहून बसने आलेय. पाय सुजलेत. जरा टेकले तर चालेल का?”

झग्यातली माणसं असं काही बोलत नसत. सिग्नेने दार उघडलं.

तिचं नाव लिडा पाव्हलिक. नवरा ओटो, गावात पंपदुरुस्तीचं दुकान. गेल्या हिवाळ्यात तो दुकानातच कोसळला. हे सगळं तिने कॉफीचा पहिला घोट घेण्याआधीच सांगून टाकलं, परक्या घरात आपण कोण ते आधी सांगावं तसं.

“आणि ही पोथी?” सिग्नेने विचारलं.

“औषधांच्या दुकानात, फिरत्या स्टँडवर होती. मृतांशी बोलता येतं असं मागे लिहिलेलं.” लिडा कपाकडे बघत म्हणाली, “हसा तुम्ही. माझी बहीण पण हसली.”

“मी हसत नाहीये. बोलला का ओटो?”

“नाही. म्हटलं, माझं उच्चारांत चुकत असेल. नीगार्डांची मुलगी आहे असं कळलं, म्हणून आले. एकदा ऐकता का?”

सिग्नेने ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं, पण लिडाने डोळे मिटले होते. दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून, चर्चमध्ये म्हणावं तशा सुरात ती म्हणाली, “ओगा मूश, ओगा मूश. लुब्बातान. ईने नो.”

सिग्नेच्या हातातली साखरेची वाटी टेबलावर आपटली. साखर सांडली. तिला आधी हसू फुटलं, मोठ्याने, अगदी वाईट दिसेल इतकं, आणि ते थांबेना, आणि मग तिला कळलं की आपण हसत नाही आहोत.

“काय झालं हो? माझं काय चुकलं?” लिडा घाबरून उठली.

“बसा,” सिग्ने ॲप्रनला डोळे पुसत म्हणाली. “चुकलं काही नाही. ओगा मूश म्हणजे लापशी गरम आहे.”

लिडा बसली.

“मला एक भाऊ होता, येन्स. पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट बोलता येत नव्हतं. त्याची आपली एक भाषा होती, आम्हा तिघांनाच कळायची. पापा लिहायला बसले की हा टेबलाखाली. पापांना कुठल्या तरी देवाचं नाव हवं असायचं, सुचायचं नाही. मग खाली वाकून विचारायचे, ‘काय म्हणालास रे आत्ता? परत म्हण.’ येन्सला मोठी गंमत वाटायची. तो बोलायचा आणि पापा लिहून घ्यायचे. आई चिडायची. ‘पोराचं बोलणं विकतोस,’ म्हणायची. तर पापा म्हणायचे, ‘अगं, पोराची भाषा देवांच्या तोंडी घालतोय. कुठल्या बापाने केलंय एवढं?’”

हे बोलता बोलता ते स्वयंपाकघर तिच्याभोवती जमा झालं. स्टोव्हवर उकळणारी कॉफी, धुक्यात वाजणारा बंदरावरचा भोंगा, पापांच्या कोटाला चिकटलेली गव्हाची धूळ, आणि टेबलाखाली तिच्या मोज्यांना धरून बसलेला तो पोरगा. कितीतरी वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी उरलंच नव्हतं.

“लुब्बातान म्हणजे उचलून घे. नो म्हणजे बर्फ. तो घसरून पडेल म्हणून मी दार अडवून उभी राहायची आणि हा हात वर करून ओरडायचा, लुब्बातान, ईने, नो.”

लिडाने पुस्तक उघडलं. “पण इथे लिहिलंय, ईने ही उंबरठ्याची देवी. काळी आणि निर्दय. तिच्या मर्जीशिवाय कुणाला बाहेर जाता येत नाही.”

“हो. ती मीच.”

लिडाने तिच्याकडे पाहिलं. विटका ॲप्रन, गुडघ्यापर्यंत ओढलेले लोकरी मोजे, बाह्यांवर सांडलेली साखर. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिने तो आवरला. “तसं नाही हो. मुलं ऐकतात कुठून तरी. तुमच्या भावाला ते आतून आलं असेल, त्यालाही कळलं नसेल. प्रस्तावनेत तसंच लिहिलंय.”

झग्यातला माणूसही हेच म्हणाला होता. त्याच्यावर सिग्ने संतापली होती. आज तिला संताप आला नाही. तिने फक्त विचारलं, “ईनेला बोलवायच्या आधी काय करायचं लिहिलंय?”

“पाण्याकाठी सात मेंढरं मांडायची.”

“मेंढरं. बरं. पुस्तकाचं नाव काय आहे?”

“बुडालेल्या दिव्यांची...” लिडा थांबली.

“पापांनी सात दिवे लिहिले होते. सात लॅम्प. छापणाऱ्याने केले लॅम्ब. मासिक घरी आलं त्या दिवशी पापा या खोलीत येरझाऱ्या घालत होते. ‘माझा पुजारी भर वादळात होडीतून मेंढरं घेऊन चाललाय,’ म्हणत होते. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पुढे कित्येक महिने पापा जेवायला आले की ती विचारायची, ‘मेंढरं बांधलीस का रे?’ आता सांगा, खरी पोथी कुणी हजारो वर्षांपूर्वी लिहिली असेल, तर डुलुथच्या मासिकातली छापायची चूक तिच्यात कशी शिरली?”

लिडाने पानं उलटली. मेंढरांवर भाषांतरकाराची लांबलचक टीप होती, जुन्या राजांचे बळी वगैरे. तिने ती पुन्हा वाचली, बोट फिरवत, सावकाश. मग पुस्तक मिटलं.

“मी कापसाची केली होती,” ती म्हणाली. “काड्यांचे पाय लावून. टबच्या कडेला ओळीने मांडायची. एक सारखं पाण्यात पडायचं.”

दोघी एकमेकींकडे बघत होत्या. आधी कोण हसलं ते सांगता आलं नसतं. लिडा हसता हसता म्हणाली, “ओटोने पाहिलं असतं तर मला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडलं असतं,” आणि तिने रिकामा कप उचलून तोंडाला लावला. सिग्नेने साखर गोळा केली, उगीचच पुन्हा सांडली, पुन्हा गोळा केली.

संध्याकाळची बस लिडाने सोडली. सिग्नेने मासे तळले, बटाटे उकडले. लिडा येन्सबद्दल विचारत राहिली आणि सिग्ने सांगत राहिली. नीट बोलायला लागला आणि दोन-तीन वर्षांतच स्कार्लेट तापाने गेला. पापांनी त्यानंतर देवांची नवी नावं केली नाहीत. जुनीच वापरत राहिले.

सकाळी लिडाने येन्सची कबर बघायला मागितली. सिग्ने बऱ्याच वर्षांत तिथे गेली नव्हती. टेकडीवरच्या दफनभूमीतून सरोवर दिसत होतं, एक लांबलचक मालवाहू बोट पुलाखालून आत येत होती. लिडाने वाकून दगडावरची बर्चची ओली पानं बाजूला केली आणि विचारलं, “त्याचा आवाज कसा होता?”

सिग्नेने सांगायला तोंड उघडलं. तिचा सगळा जन्म आवाजांत गेला होता. गावातल्या निम्म्या लोकांना ती नुसत्या ‘हॅलो’वरून ओळखायची. तिने येन्सला बोलवायचा प्रयत्न केला. शब्द आले, एकेक जसाच्या तसा. आवाज आला नाही.

“मला आठवत नाही,” ती म्हणाली. हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

लिडा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. “मला ओटोचा आठवत नाही,” ती म्हणाली. “वर्षही झालं नाही अजून. एका सकाळी उठले आणि तो आवाज गेलेला होता. फोटो आहेत, शर्ट आहेत, दात आहेत ग्लासात. आवाज कुठेच नाही. म्हणून घेतलं ते पुस्तक. काही विचारायचं नव्हतं हो त्याला. नुसतं बोलला असता, पंपाबद्दल का होईना.”

पोथी खोटी आहे हे सिग्ने इतकी वर्षं दारात उभी राहून सांगत आली होती, आणि ते खरंच होतं. पण आलेल्यांपैकी एकालाही तिने विचारलं नव्हतं की तुम्ही कुणासाठी आलात. तिने लिडाचा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला, कारण वारा बोचरा होता आणि लिडाकडे हातमोजे नव्हते.

बसस्थानकावर लिडाने पुस्तक पुढे केलं. “हे तुमच्याकडे ठेवता? भावाचे शब्द आहेत.”

“कशाला? मला पाठ आहेत.”

“मग मी फेकून देऊ?”

सिग्नेने थोडा विचार केला. आठवड्यापूर्वी तिने स्वतःच्या हाताने ते स्टोव्हमध्ये घातलं असतं. “नेब्रास्कात आमच्या येन्सला ओळखणारं कुणी नाही,” ती म्हणाली. “आता एक जण आहे. राहू द्या तुमच्याजवळ. फक्त प्रस्तावना फाडून टाका.”

लिडाने तिथेच, बाकावर बसून, प्रस्तावनेची पानं नीट शिवणीपासून वेगळी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मेंढरांची टीप मात्र तिने ठेवली. बहिणीला दाखवायची होती, म्हणाली.

बस गेल्यावर सिग्ने चढण चढून घरी निघाली. अर्ध्या वाटेवर दम लागला तेव्हा ती एका कुंपणाला टेकली आणि, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, येन्सचे शब्द हळूच म्हणू लागली. वेगवेगळ्या आवाजांत. किनऱ्या, घोगऱ्या, नाकातल्या. एकही जुळेना. कुंपणामागून एका म्हाताऱ्याने पानं झाडता झाडता विचारलं, “काही हवंय का, मिस नीगार्ड?”

“नाही,” ती म्हणाली. “भावाशी बोलत होते.”