मालुबाईंचा हातगुण

परशराम मास्तरांना मासे पाळायचं खूळ लागलं ते एका गोऱ्या साहेबाच्या लिलावामुळे. बेळगावच्या कॅम्पातला कुणी कप्तान विलायतेला परत निघाला, त्याचं सामान विक्रीला आलं. लोक खुर्च्या-कपाटांवर तुटून पडले असताना आमचे मास्तर काचेची एक पेटी उचलून घरी आले. हायस्कुलात ते शास्त्र शिकवायचे, मी चित्रकला. घरं शेजारी शेजारी, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक खुळाचा पहिला साक्षीदार मीच.

पेटीत त्यांनी कणकुंबीच्या ओढ्यातले बोटभर मासे आणून सोडले, अंगावर काळे पट्टे असलेले. हौस मास्तरांची, पण जीव लावला तो त्यांच्या बायकोनं. मालुबाईंची दोन बाळं जन्मतःच गेली होती. घर गप्प असायचं. रोज सकाळी त्या पेटीपाशी बसायच्या, बोटाला कणीक लावून ते पाण्यात बुडवायच्या, आणि मासे येऊन बोट लुचायचे. तेव्हा तेवढ्या त्या हसायच्या. भिंतीपलीकडून मी ते ऐकलेलं आहे.

मग मासे मरायला लागले. आधी अंग वाकडं करून गरगर फिरायचे, मग झटके देत उताणे व्हायचे. अंगावर ना डाग, ना जखम. मास्तरांनी पाणी बदललं, वाळू उकळली, पेटी उन्हातून सावलीत आणली, काचांच्या सांध्यांतली लांबी खरवडून नवी भरली. मेलेला मासा रुमालात बांधून गुरांच्या डॉक्टरांकडे नेला, तर ते म्हणाले, "मास्तर, असले आणखी दोन-चार आणा, कालवण होईल." नवे मासे आणावेत, थोडे दिवस बरे जावेत, की पुन्हा तेच.

शेवटी मास्तरांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मालुबाई निपाणीला माहेरी गेल्या की एकही मासा मरत नसे. शास्त्र शिकवणाऱ्या माणसानं इथून पुढे विचार करायचा असतो. यांनी तो इथंच थांबवला. एका सकाळी मेलेला मासा हातात धरून ते ओरडले, "तुज्या हातालाच यश न्हाय! हात लावू नको पेटीला!"

आळीतल्या बायका हे कुजबुजत होत्याच. आता मालुबाईंनी ते नवऱ्याच्या तोंडून ऐकलं. भावाच्या लग्नाला म्हणून निपाणीला गेल्या, त्या लग्न उरकलं तरी परतल्या नाहीत. मास्तर बोलावणं धाडत राहिले. "येईन की," एवढाच निरोप यायचा.

मासे आता ठणठणीत होते आणि मास्तर खंगले होते. एक दिवस न्हाणीत काहीतरी शोधताना चुलाण्यामागच्या कोनाड्यात त्यांना पत्र्याची डबी सापडली. आत मिसरी. तंबाखू भाजून कुटलेली ती काळी पूड निपाणीकडे घरोघरी बायका दाताला लावतात. पण मास्तर तंबाखूचे असे वैरी, की बायकोला ती चोरून लावावी लागायची. सकाळी मिसरी लावायची, बोट जेमतेम धुवायचं आणि त्याच बोटानं माशांना चारायचं. मिरचीवरचा मावा मारायला सासुरवाडीची माणसं तंबाखूचं पाणी शिंपडतात, हे मास्तरांना आठवलं. त्यांनी पाण्याच्या वाडग्यात चिमूटभर मिसरी टाकली आणि त्यात एक मासा सोडला. थोड्या वेळानं त्यानं अंग वाकडं केलं.

मला हाका मारत ते कुंपणापाशी आले. "उद्या निपाणीला चला माझ्यासंगं! तिच्या हाताचा दोष न्हाय हो, मिसरीचा हाय!"

संकेश्वर मागे पडलं तरी मोटारीत त्यांची बडबड थांबेना. बायकोला काय काय सांगायचं ते आधी मलाच म्हणून दाखवत होते. माफी मागणार होते, मिसरी चोरून लावली म्हणून एका शब्दानं रागावणार नव्हते. मला त्यांचं कौतुक वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

मालुबाई सोप्यात तंबाखूच्या पानांच्या शिरा काढत बसल्या होत्या. मी बाहेर कट्ट्यावर टेकलो. मास्तरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डबी, वाडगं, मासा. "माजं चुकलं गं. तुज्या हातात वाईट काय बी न्हाय."

"म्हंजे माजा हात चांगला हाय?" मालुबाई म्हणाल्या. चेहरा असा उजळला की मास्तरांनी खाली बसून घेतलं. मग त्या आपल्या बोटाकडे बघत राहिल्या.

"दोन्ही खेपंला दिवस गेल्यावर मी मिसरी लावत हुते. उलट जास्तच. मळमळ थांबायची तेनं."

मालुबाईंनी मान वर केली.

"ती बी तेनंच गेली काय?"

"तसं कसं म्हणता येईल? मासा येगळा, मानूस येगळं..."

"आता तुमीच सांगितलासा की. चिमूटभरानं मेला म्हनून."

वर्गात पोरांच्या कुठल्याही प्रश्नाला मास्तर अडत नसत. आयुष्यात एकदा ठाम खोटं बोलायची ही वेळ होती, आणि त्या भल्या माणसाला ते साधलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मालुबाईंनी हातातलं पान खाली ठेवलं.

"हात वाईट हुता, तवा ते देवानं दिल्यालं हुतं," त्या म्हणाल्या. "हे मी केल्यालं झालं. कशापायी सांगाय आलासा?"